परकोटापासून ले-आउटपर्यंत

शहराचा इतिहास राजवाड्यांत शोधण्याची आपणास सवय आहे. तो सामान्य माणसाच्या घरांतही सापडतो. वऱ्हाडातील अमरावती व अकोला ही शहरे याची साक्ष देतात.

मोर्णेच्या काठावरील अकोल्याचा असदगड १६९७ सालचा. पुढे पेंढाऱ्यांच्या भयाने अमरावतीतील धनिक व्यापाऱ्यांच्या रक्षणार्थ निजामाच्या राजवटीत १८०७ साली परकोट बांधावयास आरंभ झाला. त्याला पाच दरवाजे व चार खिडक्या. परकोटाच्या आत वाडे एकमेकांना खेटून उभे राहिले, गल्ल्या अरुंद झाल्या. घराला घर लागलेले असे, आणि त्यातच निर्भयता होती. मातीच्या जाड भिंती व धाब्याची छपरे वऱ्हाडी उन्हाळा सुसह्य करीत.

१८६७ साली मुंबई-नागपूर लोहमार्ग पूर्ण झाला. अकोला व बडनेरा त्या मार्गावर आले, कापसाच्या व्यापाराला वेग आला आणि तटाचे प्रयोजन संपले. दोन्ही शहरे जुन्या वेशींबाहेर पसरू लागली. १९८३ मध्ये अमरावती व बडनेरा मिळून महानगरपालिका झाली. अकोल्याची २००१ साली झाली व २०१६ मध्ये तिची हद्द आसपासच्या गावांपर्यंत वाढली.

या वाढीबरोबर ज्वारी-कपाशीच्या वावरात ले-आउट पडू लागले. खेड्यातून शिक्षणासाठी, नोकरीसाठी आलेल्या कुटुंबाला आयुष्यभराच्या बचतीतून स्वतःचे छप्पर मिळाले, हे मोठेच समाधान. परंतु अनेक ठिकाणी आधी प्लॉट विकले गेले. रस्ता, नाली व नळ मागाहून यावयाचे राहिले. अशा अनधिकृत वसाहती नियमित करण्यासाठी शासनाला २००१ साली गुंठेवारीचा कायदा करावा लागला.

वाड्याची विहीर अंगणात असे. आज अकोला महानच्या काटेपूर्णा धरणाकडे पाहते, तर अमरावती अप्पर वर्धा धरणाकडे. पाऊस रुसला की स्लॅबच्या नव्या घरातील टाकीही रिकामीच राहते. त्या दिवशी भक्कम कुंपणाचा उपयोग होत नाही.

परकोट एकट्या वाड्याचा नव्हता, साऱ्या गावाचा होता. नव्या वस्तीत घर घेताना आपण खोल्या मोजतो. त्याचबरोबर पाणी कोठून येणार, सांडपाणी कोठे जाणार आणि मुलांसाठी राखलेली मोकळी जागा खरोखर मोकळी आहे काय, हेही विचारावयास हवे. ही विचारणा शेजाऱ्यांनी मिळून केली, तरच घरांच्या रांगेची वस्ती होईल.