घरगुती ‘मॉड’चा अल्प इतिहास

इलेक्ट्रॉनिक सिगारेट, म्हणजे निकोटिनयुक्त द्रव तापलेल्या तारेवर बाष्परूप करून ओढण्याचे साधन, आज कारखान्यातून तयार होऊन येत असले, तरी त्याच्या आत बसवलेल्या विद्युतमंडलातील बरीचशी संरक्षक व्यवस्था प्रथम हौशी कारागिरांच्या टेबलावर, आणि बहुधा एखाद्या बिघाडानंतर, आकाराला आली आहे. या कारागिरांनी बनवलेल्या बॅटरीच्या नळ्या व पेट्या ‘मॉड’ या नावाने ओळखल्या गेल्या. ‘मॉडिफिकेशन’, म्हणजे फेरफार, या शब्दाचे ते लघुरूप होय.

धुराविना सिगारेटची कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६३ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६५ मध्ये त्यांना ते मिळाले, परंतु वस्तू बाजारात आली नाही. चिनी औषधशास्त्रज्ञ होन लिक यांनी २००३ मध्ये पेटंट नोंदवलेले साधन मात्र ‘रुयान’, म्हणजे धुरासारखे, या नावाने विकले गेले आणि पुढील काही वर्षांत ते चीनबाहेर पोहोचले. हे साधन सिगारेटएवढे दिसावे असा आग्रह असल्याने त्यातील लिथियमचा विद्युतघट, ज्याला व्यवहारात सेल म्हणतात, अतिशय छोटा ठेवावा लागला. परिणामी तो काही तासांतच संपे, आणि तेवढ्या वेळातही वाफ पातळच मिळे. सिगारेट सोडून या साधनाकडे वळलेल्या माणसाची ही गैरसोय हाच मॉडच्या इतिहासाचा आरंभबिंदू आहे.

२००८ मध्ये ब्रिटनमधील टेड आणि मॅट रॉजर्स यांनी ‘स्क्रूड्रायव्हर’ नावाचे साधन तयार केले, आणि पहिला मॉड म्हणून सामान्यतः त्याचाच उल्लेख होतो. सिगारेटसारखे दिसण्याचा हट्ट सोडून दिला, की मोठा सेल वापरता येतो, हा त्यामागचा विचार साधा असला तरी निर्णायक होता. इतर हौशींनी विजेरीची धातूची नळी, गोळ्यांची पत्र्याची डबी, प्लॅस्टिकची छोटी पेटी अशा हाताशी असलेल्या वस्तू वापरल्या. मराठी बोलीत विजेरीलाच ‘बॅटरी’ म्हणण्याची रीत आहे, आणि या प्रारंभीच्या साधनांच्या बाबतीत ती जवळजवळ शब्दशः लागू पडते. त्यांत पुढे रुळलेला ‘१८६५०’ हा सेल लॅपटॉपच्या बॅटरीतून परिचित होता. त्याच्या नावातील पहिले दोन अंक १८ मिलिमीटर व्यास आणि पुढचे दोन ६५ मिलिमीटर लांबी दर्शवतात. २००८ च्या टेस्ला रोडस्टर मोटारीत असेच ६,८३१ सेल होते.

सेल, बटण आणि तापतारेचे वेटोळे यांच्यामध्ये कोणतेही नियंत्रक मंडल नसलेल्या नळीला ‘मेकॅनिकल मॉड’ म्हणत. तिचे सारे शास्त्र ओहमच्या नियमात सामावलेले होते. वेटोळ्याचा रोध, म्हणजे विद्युतप्रवाहाला होणारा अडथळा, २.५ ओहम आणि सेलचा दाब ३.७ व्होल्ट असेल तर सुमारे साडेपाच वॅट उष्णता निर्माण होते. दाब ५ व्होल्टपर्यंत वाढवला, तर तीच शक्ती १० वॅट होते. अशा नळीतील बिघाड शोधणे हे मुख्यतः हरवलेला दाब शोधण्याचे काम होते. आट्यांवर चढलेला ऑक्साइडचा थर, बटणाखालची दुबळी स्प्रिंग किंवा नीट न टेकणारी तळाची खीळ यांपैकी प्रत्येक ठिकाणी दाबाचा थोडा अंश उष्णतेच्या रूपाने वाया जाई. त्यामुळे मल्टिमीटरने सेलवरचा आणि वेटोळ्यावरचा दाब मोजून त्यांतील फरक पाहणे, आटे पुसून काढणे आणि कोणता भाग अकारण गरम होतो हे बोटाने चाचपणे, ही या कारागिरीची प्राथमिक रीत ठरली. काही नळ्यांत स्प्रिंगकडे दुसरेही काम असे. शॉर्ट सर्किट झाल्यास ती तापून बसावी आणि जोडणी तुटावी अशी अपेक्षा होती. तिला फ्यूज म्हणणे मात्र उदारपणाचे होईल.

दाब स्थिर ठेवण्याच्या प्रयत्नातून पेटीच्या आकाराचे मॉड विकसित झाले. दोन सेल एकसर जोडून मिळणारे ७.४ व्होल्ट रेषीय नियामकाने ५ व्होल्टवर आणण्याची पद्धत सोपी, पण उधळी होती. कारण २ अँपिअर प्रवाहाला जवळजवळ ५ वॅट उष्णता पेटीतच अडकून राही. यावर तोडगा निघाला तो मुळात दूरसंचार व संगणकाच्या मंडलपट्ट्यांसाठी बनलेल्या दाबपरिवर्तकांतून. मुराता कंपनीचा ‘ओकेआर-टी’ हा त्यांपैकी बहुप्रचलित प्रकार होय. बोटाच्या पेराएवढ्या या भागाला एक चलरोध, म्हणजे फिरवून कमीजास्त करता येणारा रोध, डाख देऊन जोडला की निर्गत दाब हवा तसा ठेवता येई. चालू-बंद करण्याची पिन वेगळी असल्याने बटणातून अत्यल्प प्रवाह जाई आणि ते जळत नसे. मात्र चलरोध टोकापर्यंत फिरून शून्यावर आला तर दाब मर्यादेबाहेर जाण्याची भीती राही, म्हणून त्याच्याबरोबर एक ठरावीक रोध कायमचा जोडण्याची प्रथा पडली.

समांतर जोडलेल्या सेलच्या पेट्यांत मोठा प्रवाह बटणाऐवजी ‘मॉसफेट’ या अर्धसंवाहक स्विचमधून नेण्यात येऊ लागला, तेव्हा एक विचित्र दोष पुढे आला. बटण सोडल्यावरही, कधी तर बटणाला स्पर्श न करताही, वेटोळे तापू लागे. मॉसफेटच्या नियंत्रक टोकावर, ज्याला गेट म्हणतात, साठलेला विद्युतभार वाहून जाण्यास वाट नसणे हे त्याचे कारण होते, आणि गेट व सोर्स या टोकांमध्ये काही हजार ओहमचा रोध टाकल्यावर तो नाहीसा झाला. काही पैशांच्या त्या रोधाअभावी खिशातली पेटी आपोआप पेटू शकत होती, ही गोष्ट या छंदाच्या धोक्याचे स्वरूप पुरेसे स्पष्ट करते.

दरम्यान, रोध एका ओहमच्या खाली नेण्याची चढाओढ सुरू झाली होती. पूर्ण भारित, म्हणजे ४.२ व्होल्टच्या, सेलला ०.५ ओहमचे वेटोळे जोडल्यास ८.४ अँपिअर प्रवाह वाहतो, ०.१ ओहमला तो ४२ अँपिअरवर जातो, आणि एवढा प्रवाह सतत देणे या आकाराच्या चांगल्या सेललाही झेपत नाही. लॅपटॉपमधील कोबाल्टयुक्त सेल अशा ताणाखाली भडकण्याचा संभव जास्त, म्हणून जाणकार मँगनीजयुक्त सेलकडे वळले. सेलच्या नावातील ‘आयएमआर’मधला ‘एम’ मँगनीजचाच. नवख्याला हा भेद माहीत असेलच असे नव्हते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या अहवालात २००९ ते २०१६ या काळातील ई-सिगारेटच्या १९५ आगी व स्फोटांची नोंद असून त्यांत १३३ जण जखमी झाले, आणि मे २०१८ मध्ये फ्लोरिडात स्फोटामुळे एकाचा मृत्यूही झाला. अर्थात या सर्व घटना घरगुती मॉडच्या नव्हेत. सेलचा दोष, चार्जरचा दोष आणि खिशातल्या किल्ल्या-नाण्यांनी सुट्या सेलचे झालेले शॉर्ट सर्किट, हेही त्यांत मिसळलेले आहे.

हौशींच्या टेबलावरचे ज्ञान हळूहळू मंडलपट्टीत उतरत गेले. ओहायोतील इव्हॉल्व्ह कंपनीने २०११ मध्ये ‘डार्विन’ हे वॅट ठरवून देता येणारे साधन आणले, आणि २०१४ मध्ये तिच्याच ‘डीएनए ४०’ या पट्टीने तारेचे तापमानही सांभाळले. तापल्यावर निकेलचा रोध ठळकपणे वाढतो, तो मोजून तापमानाचा अंदाज घ्यायचा, ही त्यामागची युक्ती. मल्टिमीटरने हाताने करायची तपासणी आता पट्टी स्वतःच क्षणोक्षणी करू लागली. त्यापुढचा अडथळा कायद्याचा होता. ८ ऑगस्ट २०१६ पासून लागू झालेल्या अमेरिकी नियमांनी नव्या साधनाच्या विक्रीला पूर्वपरवानगी आवश्यक केली, आणि दहा-वीस पेट्या डाख देऊन विकणारा कारागीरही ‘उत्पादक’ ठरला. भारतात सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने आणि त्याच वर्षीच्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण व जाहिरात यांवर बंदी आली. त्यामुळे या हस्तकौशल्याला महाराष्ट्रात उघड धंद्याचे रूप येण्याची शक्यताच उरली नाही.

पुढे बाजारात एकदाच वापरून फेकायची साधने पसरली, ज्यांतील पुन्हा भारित होऊ शकणारा लिथियमचा सेलही कचऱ्यात जाई. ब्रिटनने १ जून २०२५ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. ही फेकलेली साधने उघडून, त्यांतील सेल तपासून, त्यांपासून फोन चार्ज करण्याच्या पेट्या बनवणारे हौशी आता दिसतात. त्यांच्या टेबलावर डाखाची लेखणी आणि मल्टिमीटर तीच आहेत, फक्त सेल ई-सिगारेटमध्ये बसवण्याऐवजी तिच्यातून बाहेर काढला जात आहे.