वहीतला अंगठा

मुळशी तालुक्यातले कोळवण हे वळकीच्या खोऱ्यातले गाव. त्याच तालुक्यात, मुळेच्या खोऱ्यात टाटांच्या कंपनीने धरण बांधायला घेतले तेव्हा मावळ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला. सेनापती बापटांचे नाव आपण घेतो; हिशेबाची बाजू मात्र सांगत नाही. बऱ्याच जमिनी आधीच सावकारांकडे गेलेल्या होत्या. त्यांना लढ्यापेक्षा भरपाई सोयीची वाटली. कसणाऱ्याचा संसार पाण्याखाली गेला, तो कोणत्या खात्यावर मांडला?

मी वाणिज्य शिकवतो. घराण्यातला पहिला पदवीधर मीच. माझ्या आजोबांनी सावकाराच्या वहीत अंगठा उठवला. वर काय लिहिले आहे हे त्यांना कधीच कळले नाही. म्हणून वाणिज्य शिक्षणाचा नैतिक हेतू कोणता, हा माझ्यापुरता पुस्तकी प्रश्न नाही.

बाबासाहेबांनी हा प्रश्न जगून पाहिला. परदेशातून शिकून आल्यावर त्यांनी मुंबईत शेअर-रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक आटले. १९१८ साली ते सिडनॅम वाणिज्य महाविद्यालयात प्राध्यापक झाले. तिथे प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातले पाणी ते पितात, ह्याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. बाजाराला जात नसते असे वर्गात सांगणाऱ्यांनी हे दोन्ही प्रसंग आठवावेत.

तरीही त्यांनी हे शास्त्र टाकले नाही. रुपयाच्या प्रश्नावरील १९२३ च्या ग्रंथात त्यांनी दाखवले, की रुपया घसरल्याने निर्यातदाराला होणारा लाभ हा देशाचा लाभ नव्हे. किमती चढतात, मजुरी मागे राहते. एका वर्गाची कमाई दुसऱ्याच्या खिशातून येते. पुढे १९२५ ते १९२८ त्यांनी बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्राच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. १९५३ साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय काढले.

आज आपली मुले ह्या शाखेत येतात ती नोकरीसाठी. त्यात गैर काही नाही. भुकेल्याला नीती शिकवू नये. पण नफा झाला असे ऐकले की तो कोणाच्या खिशातून आला, हे विचारण्याची सवय त्यांना लागली नाही, तर आपण सावकाराला फक्त नवे कारकून पुरवू. ज्याचा अंगठा वहीत आहे त्याला ती वही वाचता यावी, आणि खोटी नोंद दिसताच त्याने बोट ठेवावे, एवढ्यासाठी हे शिक्षण आहे.