आपलंच रक्त परकं होतं तेव्हा

शेजारच्यांचा मोती दोन दिवस जेवला नव्हता. हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी लालसर तपकिरी. रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, "याचं शरीरच स्वतःच्या तांबड्या पेशी मारतंय." शेजाऱ्यांनी मला विचारलं, "कविराज, आपलंच शरीर आपल्या रक्ताचं वैरी कसं होईल हो?"

हाच प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांना पडला होता. त्यांनी बकऱ्यांना बकऱ्यांचंच रक्त टोचलं. दुसऱ्या बकरीच्या रक्ताविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार झाली, स्वतःच्या रक्ताविरुद्ध नाहीत. शरीर स्वतःवर उलटत नाही, हा समज त्यानंतर बराच काळ टिकला.

तो मोडायला मदत झाली एका पशुवैद्याची. रॉबिन कूम्ब्स १९४३ मध्ये एडिंबरोहून जनावरांचे डॉक्टर झाले. युद्धकाळात, अंधुक दिव्यांच्या रेल्वेतून केंब्रिजला परतताना त्यांना एक युक्ती सुचली. आपल्या पेशीला परकी ठरवायला तिच्यावर खूण लागते. ती खूण म्हणजे चिकटलेलं प्रतिद्रव्य. ते दिसत नाही. पण त्याला धरणारं दुसरं द्रव्य मिसळलं, की पेशी एकमेकींना चिकटून गोळा होतात. मूरांट आणि रेस यांच्यासह १९४५ मध्ये त्यांनी ही चाचणी जाहीर केली, ती माणसांसाठी. पुढच्याच वर्षी माणसांमधला हा आजार तिच्यामुळे ओळखता आला. पुढे ती कुत्र्यांपर्यंत पोहोचली.

औषधांचा प्रवासही असाच आहे. १९४८ मध्ये अमेरिकेत कॉर्टिझोन प्रथम संधिवाताच्या रुग्णाला दिलं गेलं. त्याच कुळातलं प्रेडनिसोलोन आज कुत्र्यांच्या या आजारात पहिलं औषध आहे. जोडीला दिलं जाणारं ॲझाथायोप्रिन आधी मूत्रपिंड-रोपण केलेल्या कुत्र्यांवर अजमावलं गेलं, मग माणसांना मिळालं. कुत्र्यांनी जीव देऊन पारखलेलं औषध अखेर कुत्र्यांच्याही कामी आलं.

तरीही हा आजार जीवघेणाच. पहिले दोन आठवडे कसोटीचे. रक्त द्यावं लागतं, गुठळ्या होऊ नयेत म्हणून वेगळं औषध द्यावं लागतं. आपल्याकडे गोचीड तापाची तपासणी आधी करावी लागते. कारण त्यातही तांबड्या पेशी मरतात आणि कधी तोच या आजाराला निमित्त होतो.

मोती वाचला. गोळ्या मात्र कित्येक महिने चालल्या, त्याही डॉक्टरांच्या सांगण्यानं हळूहळू कमी करत. शेजारी अजून रोज सकाळी त्याचा ओठ उचलून हिरड्यांचा रंग पाहतात. गुलाबी दिसला, की मगच त्यांचा चहा होतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)