सर, तुम्ही व्हायकिंग का?

आठवीच्या वर्गात बोलता बोलता इंग्लंडवरच्या व्हायकिंग स्वाऱ्यांचा विषय निघाला. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "सर, मग तुमचे लोक म्हणजे आपल्याकडचे व्हायकिंग का?" वर्ग हसला. मीही हसलो, पण प्रश्न माझ्यासोबत घरापर्यंत आला.

तुलना अगदीच पोकळ नाही. ७९३ मध्ये लिंडिसफार्नचा मठ लुटून व्हायकिंग निघून गेले. ८६५ मध्ये मोठं सैन्य आलं ते तिथेच राहिलं, आणि १०१६ मध्ये डेन्मार्कचा कनूट इंग्लंडचा राजा झाला. आपल्याकडे १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीची अमाप दौलत घेऊन परत गेला. १३१८ पर्यंत यादवांचं राज्यच संपलं. लूट ती लूटच, तिला मी दुसरं नाव देणार नाही.

पण जिंकणारे राहिले की घरात भाषा दोन होतात. इंग्रजीने डेन लोकांकडून 'स्काय', 'एग', 'लॉ' घेतले, इतकंच काय, 'दे', 'देम' ही सर्वनामंही घेतली. वस्तूचं नाव कुणीही उसनं घेतो. सर्वनाम शेजाऱ्याकडून घ्यायला रोजचं उठणं-बसणं लागतं. मराठीत 'कागद', 'दुकान', 'हजार' आले ते बाजारातून आणि कचेरीतून. 'फक्त' आणि 'शिवाय' मात्र वाक्याच्या सांध्यात जाऊन बसले. 'नापास' तर बघा: 'ना' फारसी, 'पास' इंग्रजी, रडणं अस्सल मराठी!

फरकही आहे. डेन राजा गुथ्रमने ८७८ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ते लोक इंग्रजांत विरघळले. इथे धर्म वेगळे राहिले. नळदुर्गच्या किल्ल्यात इब्राहिम आदिलशहा दुसरा याने १६१३ मध्ये बांधलेला पाणीमहाल अजून उभा आहे. त्याच्या सरदारांची फारसी मात्र इथल्या कुठल्याच घरात उरली नाही. आमच्या घरात उरली ती दखनी, आणि तिच्यात मराठीचा 'च' आहे. आमची दादी "अभीच आती" म्हणायची. लखनौचा माणूस असं म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन शब्द लिहिले, 'फक्त' आणि 'अभीच'. कुणी कुणाकडून काय घेतलं, ते विचारलं. तोच मुलगा उभा राहिला.

"सर, 'फक्त' तर आपलाच आहे ना?"