उजेडाची पेटी



इतिहास म्हटला की राजेरजवाडे आणि लढाया डोळ्यांपुढे येतात. मी मात्र आज एका लाकडी खोक्याचा इतिहास सांगणार आहे.

१९९४ साली आमच्या कारखान्यात संप ठरला. पत्रके छापून देण्याचे कबूल केलेल्या छापखान्याने दोन दिवस आधी अंग काढून घेतले. आमच्यातला एक सोबती लग्नपत्रिका छापण्याचे काम जाणत होता. चौकटीवर ताणलेल्या जाळीला रसायन लावून, त्यावर मजकुराचा पारदर्शक कागद ठेवून ती उन्हात धरायची, हे त्याला ठाऊक होते. पण आषाढात ऊन कोठून आणावे?

या युक्तीचे मूळ १८३९ सालात आहे. एडिंबरो येथील मंगो पाँटन या गृहस्थाने पोटॅशियम बायक्रोमेटच्या द्रावणात भिजवलेला कागद उन्हात ठेवला. उजेड लागला तेथे कागद तपकिरी झाला. झाकलेल्या भागावरचे द्रव्य पाण्याने धुऊन गेले. चांदीच्या महाग क्षारांवाचून चित्र उमटले! पाँटनने या शोधाचे पेटंट घेतले नाही. तो सर्वांसाठी प्रसिद्ध केला. पुढे टॅलबट यांना आढळले की, बायक्रोमेट मिसळलेले जिलेटिन उजेडाने कठीण होते व पाण्यात विरघळत नाही. त्यांनी १८५२ साली त्यावर आधारलेल्या छपाईचे पेटंट घेतले. १९०७ साली मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमनने रेशमी जाळीतून छापण्याचे पेटंट घेतले. त्यानंतर थोड्याच वर्षांत हे दोन्ही प्रवाह एकत्र आले आणि उजेडच जाळीवर अक्षरे कोरू लागला.

आम्ही फळ्यांची पेटी ठोकली. माश्या मारण्याच्या यंत्रात लावतात तशा निळसर उजेडाच्या चार ट्यूबा आत बसवल्या. वर काच ठेवली. काचेवर मजकुराचा कागद, त्यावर जाळी, वर काळे कापड, स्पंज आणि विटा. कागद जाळीला घट्ट चिकटला पाहिजे, नाहीतर कडेने उजेड शिरून अक्षरे बुजतात. वेळ ठरवण्यासाठी एका पट्टीवरचा पुठ्ठा दर दोन मिनिटांनी थोडा थोडा सरकवला. कमी उजेड लागला तेथे सारा थर धुऊन गेला. जास्त लागला तेथे बारीक अक्षरेच उघडली नाहीत. मधला घर बरोबर निघाला. पहाटेपर्यंत शाई वाळत होती आणि सकाळच्या पाळीला फाटकावर प्रत्येकाच्या हातात पत्रक होते.

येथवर सांगून मी थांबलो असतो, तर टाळी सहज मिळाली असती. पण पुढचे सांगितलेच पाहिजे. वर्षभर तो सोबती उघड्या हातांनी ते पिवळे द्रावण कालवीत होता. त्याच्या बोटांवर जखमा पडल्या. त्या महिनोन्‌महिने भरून आल्या नाहीत. बायक्रोमेट कातडीला खाते, आणि त्याची धूळ श्वासावाटे जाणे कर्करोगाला कारण होऊ शकते. कारखान्यात हातमोज्यांसाठी भांडणारे आम्ही, आमच्याच कचेरीत त्याला हातमोजे देण्यास विसरलो! आज बायक्रोमेटावाचून चालणारी रसायने मिळतात, तीच वापरावीत.

पाँटनने ज्ञान मोकळे ठेवले, म्हणूनच ते आमच्यापर्यंत पोहोचले. आपणही ते पुढे द्यावे. मात्र त्यासोबत धोक्याची सूचनाही द्यावी, एवढेच माझे मागणे आहे.