ग्लिसरीन म्हणजे काय? क्रीममधलं 'अल्कोहोल' म्हणजे दारू का?

मागच्या हिवाळ्यात गावी, दिंद्रुडला गेलो तेव्हा आईसाठी कोल्ड क्रीमची डबी नेली होती. तिच्या टाचांना भेगा पडतात. चुलत भावाने डबीवरच्या घटकांवर गूगल लेन्स धरलं आणि ओरडला, "दादा, ग्लिसरीन म्हणजे शुगर अल्कोहोल आहे, काकूला नको देऊ!" आई माळकरी. तिने डबी लगेच माझ्या हातात परत दिली.

मग हे अल्कोहोल कसलं?

रसायनशास्त्रात ऑक्सिजन आणि हायड्रोजनची एक ठरावीक जोडी कार्बनला लागली की त्या पदार्थाला अल्कोहोल म्हणतात. दारूतल्या इथेनॉलमध्ये अशी एक जोडी असते, ग्लिसरीनमध्ये तीन, टूथपेस्टमधल्या सॉर्बिटॉलमध्ये सहा. या जोड्या पाण्याला धरून ठेवतात. इथेनॉल पटकन उडून जातं आणि त्वचा कोरडी करतं. ग्लिसरीन मात्र २९० अंशांना उकळतं, त्यामुळे ते त्वचेवर टिकतं. रचना साखरेशी मिळतीजुळती, म्हणून 'शुगर'. नशेशी काहीच संबंध नाही.

ते मिळतं तेल किंवा चरबीतून. तेलात कॉस्टिक सोडा घालून साबण करताना ग्लिसरीन वेगळं होतं. म्हणजे आईसाठी खरा प्रश्न दारूचा नव्हताच, प्राण्यांच्या चरबीचा होता! तो लेन्सने सांगितलाच नाही. डबीवर हिरवा ठिपका होता, तो दाखवला तेव्हा कुठे तिने ती ठेवून घेतली.

लावायचं कसं?

इथे बरेच जण चुकतात. ग्लिसरीन पाणी ओढतं, पण आपल्याकडच्या कोरड्या थंडीत हवेत पाणीच कमी. मग घट्ट ग्लिसरीन तसंच चोपडलं तर ते त्वचेच्या आतल्या थरातलं पाणी वर ओढतं. म्हणून पाय धुऊन, ओलसर असतानाच पाणी मिसळून पातळ केलेलं ग्लिसरीन लावा. वरून व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल, म्हणजे पाणी आत राहतं. भेगांतून रक्त येत असेल किंवा शुगरचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

विकत घेताना

मेडिकलमधून सीलबंद बाटली घ्या, त्यावर 'आय.पी.' लिहिलेलं असतं. म्हणजे ते भारतीय औषधकोशाच्या मानकाप्रमाणे आहे. कॅनमधलं सुटं, स्वस्त ग्लिसरीन नको. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल होतं. तेही ग्लिसरीनसारखंच पारदर्शक आणि गोड, पण मूत्रपिंड निकामी करणारं. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. ते पोटात गेलं होतं, आपण त्वचेवर लावतो, हे खरं. पण डोळ्यांनी किंवा वासाने हा फरक कळत नाही, आणि मोबाईलच्या कॅमेऱ्यालाही नाही.