गणूची आई आणि दुपारचे तीन

आजोबा शाळामास्तर. मास्तरांच्या गळ्यात सरकार काय काय बांधते, हे ते रंगवून सांगत. त्यात स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या मतदार यादीचा किस्सा ठरलेला. कल्याणच्या आसपासच्या वस्त्यांत ते वही घेऊन दारोदार हिंडले होते. एकवीस पूर्ण झालेला प्रत्येक माणूस लिहायचा. शिक्षण, घरदार, शेतसारा काही विचारायचे नाही. पण दारातल्या बाईला वय विचारले की उत्तर यायचे, ‘मानमोडीत मी रांगत होते.’ १९१८ची ती साथ धरून आजोबा बेरीज करत आणि आकडा टाकत.

नावाचे त्याहून अवघड. ‘लिहा, गणूची आई.’ परक्या पुरुषाला आपले नाव सांगायचे नाही आणि नवऱ्याचे तर घ्यायचेच नाही. आजोबा मग अंगणात खेळणाऱ्या गणूलाच बोलावत: ‘तुझी आजी तुझ्या आईला काय म्हणून हाक मारते रे?’ पोरगे ओरडून सांगे आणि आतून कुणीतरी त्याला दटावे. आमच्या आजीचा यावर शेरा असे, ‘माझं माहेरचं नाव एक, सासरचं एक. लिहिणारा नवराच नसता तर दोन मतं झाली असती.’

उत्तरेत मात्र पुष्कळ याद्यांत ‘अमक्याची आई, तमक्याची बायको’ असेच लिहिले गेले. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत, विंध्य प्रदेश अशा भागांत. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत म्हणून सांगितले. बिहारला महिनाभर मुदत वाढवून दिली. तिथे तिचा उपयोगही झाला. तरीही देशातल्या सुमारे ८ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लाखांची नावे शेवटी यादीबाहेर राहिली. सेनांचा हट्ट बरोबर होता की नाही, यावर आमच्या घरी वाद व्हायचे. आजोबा सेनांच्या बाजूचे. मला अजून वाटते, नाव काढून घ्यायला गणूला विचारणारा माणूस पाठवायचा होता. दोष वहीचा, शिक्षा बाईला.

कल्याणच्या बराकींत सिंधमधून आलेली माणसे उतरली होती. त्यांच्याबद्दल बोलताना आजोबांचा आवाज बदले. मतदाराने त्या ठिकाणी किमान १८० दिवस राहिलेले असावे, असा तेव्हाचा नियम; आणि ही माणसे तर नुकतीच, हातात गाठोडी घेऊन आलेली. संविधान सभेच्या कचेरीने तोड काढली: इथेच कायम राहण्याचा इरादा आहे, एवढे लिहून दिले की नाव घ्या. संविधान अजून मंजूरही व्हायचे होते. त्या काळातल्या सरकारी कागदांत इतका मोकळा हात क्वचित सापडेल.

पण घड्याळ तिथेही होतेच. १९ जुलै १९४८ किंवा त्यानंतर आलेल्याला नागरिक म्हणून नोंद हवी, आणि अर्ज करण्याआधी सहा महिने इथे वास्तव्य हवे, असे संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदात आले. अर्ज संविधान लागू होण्याआधी, म्हणजे २६ जानेवारी १९५० पूर्वी करायचा. हिशेब करा: १९४९च्या जुलैअखेर जो पोचला, त्याला त्या वाटेने जाता आलेच नाही. आजोबा म्हणत, ‘गाडी चार दिवस उशिरा आली तर माणूस कुणाचा, हे गाडीने ठरवायचं?’

पुढे मुदतीचा हाच प्रश्न कोर्टात निरनिराळ्या तोंडाने आला. १९५२च्या पोन्नुस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की निवडणुकीची प्रक्रिया एकदा सुरू झाली की मधे न्यायालय नाही. तक्रार नंतर, निवडणूक याचिकेतून. १९७७मध्ये कर्नाटकातल्या विधान परिषदेच्या एका जागेचा वाद आला. उमेदवारी अर्जाची वेळ दुपारी तीनला संपली, त्यानंतर काही नावे यादीत घुसवली गेली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती ग्राह्य धरली नाहीत. हे मला पूर्ण पटते. वेळ संपल्यावर नावे घालता येऊ लागली तर ती नेहमी सत्तेच्या ओळखीच्यांचीच असणार.

नाव काढण्याची गोष्ट मात्र निराळी. मुंबई-दिल्लीच्या गरीब वस्त्यांत नावे वगळायला निघाले, तेव्हा १९९५च्या लालबाबू हुसेन खटल्यात न्यायालयाने बजावले की यादीत आधीपासून असलेले नाव रीतसर आले असे धरायचे. नोटीस द्या, म्हणणे ऐका, नुसत्या पोलिस अहवालावर विसंबू नका. तरी २०१४ला पुण्या-मुंबईतल्या मोठ्या संख्येने लोकांना मतदान केंद्रावर जाऊन कळले की आपण यादीत नाही. निवडणूक आयुक्त एच. एस. ब्रह्मा यांनी त्याबद्दल माफी मागितली. मत मात्र गेले ते गेलेच.

२०२५ साली गाडी पुन्हा बिहारलाच येऊन थांबली. विशेष पुनरीक्षणानंतरच्या प्रारूप यादीत सुमारे ६५ लाख नावे नव्हती. १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने ती नावे कारणांसह जाहीर करायला लावली, आणि सप्टेंबरमध्ये ओळखीचा पुरावा म्हणून आधारही घ्यायला सांगितले. मेलेल्यांची, दोनदा आलेल्यांची नावे काढलीच पाहिजेत; पण जिवंत माणसाने अमुक दिवसांत आपण जिवंत असल्याचे सिद्ध करावे, ही वाट मला आजोबांच्या वहीपेक्षा मागे गेलेली वाटते. मुदत कडक हवी तर ती आधी यादी करणाऱ्यावर हवी.

वय अठरा पूर्ण झाले का हे ज्या दिवशी धरून पाहतात, ते अर्हता दिनांक आता वर्षात चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. अठरा पूर्ण झालेल्या पोराचा, सासरी गेलेल्या लेकीचा, घर बदललेल्या भाडेकरूचा अर्ज निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता भरा. नाव नाकारले किंवा काढले, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अपिलाला पंधरा दिवस मिळतात. उमेदवारी अर्जाची मुदत संपल्यावर त्या निवडणुकीसाठी कुणालाच नाव घालता येत नाही.